नागिणीची पुंगी

गेल्या मार्गशीर्षात भाच्याचे लग्न झाले. वरात कार्यालयातून निघून पहिल्या वळणावर पोचते न पोचते तोच बँडवाल्यांनी ‘नागीन’ची पुंगी सुरू केली. नवऱ्या मुलाचे काका, वय वर्षे त्रेसष्ट, एका सरकारी कचेरीतून सन्मानाने निवृत्त झालेले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याचे एक टोक दातांत व दुसरे चिमटीत धरले आणि भर रस्त्यात उकिडवे बसून ते पुंगी वाजवू लागले. समोर दोन तरुण डोक्यावर हातांची फणी करून चक्क डांबरावर लोळले. काकू मात्र “अहो, पाठ! पाठ!” असे ओरडत होत्या.

हे दृश्य पाहिले नाही असा मराठी माणूस विरळा. परंतु जिच्यापायी एवढी माणसे आपले कपडे खराब करून घेतात, ती पुंगी मुळात पुंगीच नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

‘नागीन’ हा चित्रपट आला १९५४ साली. फिल्मिस्तान ही संस्था, नंदलाल जसवंतलाल हे दिग्दर्शक, वैजयंतीमाला आणि प्रदीपकुमार ही जोडी. पुढे आपल्या पडद्यावर नागिणीची बाई आणि बाईची नागीण होऊ लागली, तसला प्रकार यात नव्हता. सापांच्या विषावर पोट भरणाऱ्या दोन वैरी जमातींची ही गोष्ट. मुखियाची मुलगी शत्रूकडच्या तरुणाची पुंगी ऐकते आणि वैर विसरते. म्हणजे सगळी कथा त्या पुंगीवर टांगलेली! पुंगी ऐकून प्रेक्षक डोलला नाही, तर नायिका का डोलते हे त्याला कोण पटवणार?

ही जबाबदारी आली हेमंतकुमारांवर. रवींद्रसंगीतात मुरलेला, धीरगंभीर आवाजाचा हा बंगाली गायक. लतादीदींच्या आवाजातले ‘मन डोले’ त्यांनी बांधले, आणि त्यासाठी पुंगी हवी होती. आता खरी पुंगी म्हणजे काय? एक भोपळा आणि त्यात बसवलेल्या दोन नळ्या. एकीवर चाल वाजते, दुसरी सतत एकच सूर धरून राहते. वाजवणारा गाल फुगवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे आवाज तुटत म्हणून नाही. पण तिचा पल्ला तोकडा; आणि हव्या त्या पट्टीत, गाणाऱ्या गळ्याशी व वाद्यवृंदाशी जुळवून घ्यायला ती सहसा राजी नसते.

येथे गिरगावातले एक कच्छी चिरंजीव पुढे आले. कल्याणजी वीरजी शाह. त्यांच्या वडिलांचे किराणा दुकान होते. एका गिऱ्हाइकाला उधारी फेडता येईना, तेव्हा त्याने पैशांऐवजी दुकानदाराच्या मुलांना गाणे शिकवायचे कबूल केले, आणि त्या गुरुजींनाच गाणे येत नव्हते, अशी या घराची आख्यायिका आहे. बुडीत खात्याने एवढे व्याज क्वचितच दिले असेल! तर या कल्याणजींच्या हाती क्लॅव्हिओलिन नावाचे एक विजेचे वाद्य आले होते. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ साली ते तयार केले. तीन सप्तकांची छोटी पेटी, आत रेडिओसारखे व्हॉल्व्ह, आणि आवाजासाठी निराळा कर्णा. यात एका वेळी एकच सूर निघतो, दोन पट्ट्या दाबल्या तरी दोन सूर वाजत नाहीत. पियानोवाल्याला हे वैगुण्य वाटेल. पण पुंगीच्या नळीवर तरी एका वेळी दुसरे काय वाजते? शिवाय सुराला थरथर देण्याची कळ त्यात होतीच.

क्लॅव्हिओलिन कल्याणजींनी वाजवले, हार्मोनियमची जोड दिली हेमंतकुमारांचे साहाय्यक रवी यांनी. हेच रवी पुढे स्वतंत्र संगीतकार झाले आणि ‘आज मेरे यार की शादी है’ची चालही त्यांचीच, तेव्हा वरातीवरचे या गृहस्थांचे उपकार दुहेरी आहेत. आपल्याकडे गाजराच्या पुंगीची म्हण आहे: वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. ही तर विजेची पुंगी, फसली असती तर मोडून खाण्याचीही सोय नव्हती. पण वाजली, आणि अशी वाजली की १९५६ साली उत्कृष्ट संगीताचे फिल्मफेअर पारितोषिक हेमंतकुमारांना मिळाले. ते योग्यच, चाल त्यांची. पण ज्या आवाजावर सारा देश डोलला, तो काढणाऱ्या बोटांची नावे पुष्कळ वर्षे जाणकारांनाच माहीत होती, हेही खरे.

याच क्लॅव्हिओलिनवर १९६२ साली इंग्लंडात टॉर्नेडोज नावाच्या मंडळींनी ‘टेलस्टार’ ही धून वाजवली. कृत्रिम उपग्रहाच्या नावाची ती धून इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. तिकडे त्या आवाजात लोकांना अंतराळ ऐकू आले आणि इकडे वारूळ!

पुढे नक्कल होतच राहिली. १९७६ साली दुसरा ‘नागिन’ आला, १९८६ साली श्रीदेवीची ‘नगीना’ आली. दोन्हींचे संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, आणि हे दोघे उमेदीच्या काळात कल्याणजी-आनंदजींचे साहाय्यक होते. म्हणजे पुंगी घरातल्या घरातच राहिली म्हणायची. चाली निराळ्या, पण ‘पुंगीचा आवाज म्हणजे असा’ हे १९५४ सालीच ठरून गेले होते. बँडवाल्यांनी ती क्लॅरिनेटवर घेतली, मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्ट्यांनी तारांवर घेतली.

पण सर्वांत विलक्षण नक्कल मी लहानपणी ऐकली. नागपंचमीच्या सुमारास आमच्या गल्लीत गारुडी येई. साप बाळगण्यास बंदी करणारा वन्यजीव कायदा १९७२ सालीच झाला होता, परंतु गल्लीपर्यंत पोचायला त्याला पुष्कळ वर्षे लागली. गारुडी टोपली उघडी, खरी भोपळ्याची पुंगी ओठांना लावी आणि आपली काहीतरी चाल वाजवी. सापाला बाहेरचे कान नसतात, तो पुंगीच्या हालचालीकडे पाहून डोलतो, हे आम्हाला शाळेत शिकवले होते. त्यामुळे आम्ही जरा शिष्टपणेच उभे असू. मग गारुडी मध्येच थांबे, आमच्याकडे पाही, आणि त्याच पुंगीवर ‘नागीन’ सुरू करी. आम्ही उड्या मारत असू. खिडक्या उघडत, पैसे पडत.

पुंगीची नक्कल पेटीने केली आणि त्या पेटीची नक्कल आता खरी पुंगी करीत होती, पोटासाठी. त्या दोन तुटपुंज्या नळ्यांवर सिनेमाची चाल बसवायला त्याला किती खटपट करावी लागली असेल, हे आज कळते. कायदा सापांच्या दृष्टीने योग्यच होता. बिचाऱ्यांचे दात काढीत, तोंडे शिवीत. गारुडी हळूहळू येईनासा झाला. ‘नागीन’ची पुंगी मला आजही पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत गुणगुणता येते. तो आधी वाजवायचा ती त्याची स्वतःची चाल मात्र मी कितीही आठवली तरी आठवत नाही. आम्ही ती कधी लक्ष देऊन ऐकलीच नव्हती.

भाच्याच्या वरातीत ही पुंगी हातगाडीवरच्या एका कीबोर्डवर वाजत होती. वाजवणारा विशीतला मुलगा. वरात कार्यालयाच्या दारी परतल्यावर, काकांची पाठ चोळणे चालू असताना, मी त्याच्याजवळ गेलो. एका बटणावर कागदाची चिठ्ठी चिकटवून त्याने पेनाने ‘नागीन’ असे लिहिले होते. प्राध्यापकी सवयीने मी त्याला कल्याणजी, रवी, फ्रेंच पेटी, सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

“काय नाव म्हणालात सर त्या पेटीचं?”

“क्लॅव्हिओलिन.”

“भाड्यानं मिळंल का कुठं?”