साखरबावेचे पाणी

मालवणहून होडीने सिंधुदुर्गात गेलेला पाहुणा तट पाहतो, शिवरायांच्या हातापायांचे ठसे पाहतो आणि परततो. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींत तो नुसता डोकावतो. खरे तर १६६४ मध्ये शिवरायांनी कुरटे बेटावर पाया घातला आणि किल्ला नांदता राहिला, तो या गोड्या पाण्याच्या बळावर. सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज असे सारेच या समुद्रावर हक्क सांगत होते. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही आत आजही काही कुटुंबे राहतात.

बेट कशाला म्हणावे आणि खडक कशाला, यावरून आज दक्षिण चीन समुद्रात भांडण पेटले आहे. तेथील मिस्चीफ हा प्रवाळखडक भरतीला पाण्याखाली जाई. १९९५ मध्ये चीनने त्यावर खांबांवरची खोपटी उभारली आणि मच्छीमारांसाठी निवारा केला, असे सांगितले. (आमच्या गाबितांना असा निवारा कुणी बांधून दिल्याचे ऐकिवात नाही!) २०१६ पर्यंत तिथे वाळूचा भराव घालून विमानांची धावपट्टी झाली.

फिलिपीन्स लवादाकडे गेले. १२ जुलै २०१६ च्या निकालाने बजावले की, भरतीत बुडणारा खडक भरावाने बेट होत नाही. दोनशे सागरी मैलांचा हक्क हवा तर बेटाने मुळातच माणसांची वस्ती पोसली पाहिजे. प्रवाळाची, म्हणजे माशांच्या घराचीच, भयंकर हानी झाल्याचेही लवादाने नोंदवले. चीनने निकाल धुडकावला. धावपट्टी आहे तिथेच आहे.