ऑफर बचतीची की जादा खरेदीची?

इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2025 पासून जास्त साखर, मीठ किंवा चरबीच्या अनेक पदार्थांवर ‘एकावर एक फुकट’ देता येत नाही. त्याआधी, ऑक्टोबर 2022 मध्ये, मोठ्या दुकानांत असा माल दारापाशी, रॅकच्या टोकाला आणि बिलाच्या काउंटरजवळ मांडायला बंदी आली. हे आवश्यकच होतं, असं माझं ठाम मत आहे. बिलाच्या रांगेत ट्रॉली थांबते, मूल कंटाळतं आणि चॉकलेट नेमकं त्याच्या हाताच्या उंचीवर असतं! ती जागा विचार करून निवडलेली असते.

‘ऑफर बंद केल्या तर गरिबाचंच नुकसान,’ हा आक्षेप गंभीर आहे; महागाईत दहा पैसेही मोजावे लागतात. पण पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी आरोग्य संस्थेने 2015 मध्ये दाखवलं की ऑफरमुळे लोक सुमारे 22 टक्के जास्त माल घेतात. म्हणजे दर नगामागे पैसे वाचतात, पण एकूण बिल फुगतं. शिवाय घरात आलेली बिस्किटं डब्यात टिकून राहत नाहीत, ती संपतातच. मात्र नुसती बंदी पुरणार नाही, हेही मान्य. इंग्लंडमध्ये आरोग्यदायी अन्न कॅलरीमागे दुपटीहून महाग पडतं. भाजीत मुळातच कॅलरी कमी, त्यामुळे हे माप तिला थोडं अन्यायाचं आहे. तरी कमी पैशांत पोट भरायचं असलेल्या माणसाचा हिशोब तोच असतो. म्हणून सवलत हवीच, फक्त ती डाळी, फळं आणि भाज्यांवर हवी.