बापूंचा फोन, तुमचा फोन आणि मधली माणसं

आज आपल्या सेवाग्रामच्या एका फोनपासून सुरुवात करूया. आश्रमात तो अजून जपून ठेवलाय. गांधीजींशी पटकन बोलता यावं म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तो बसवून घेतला होता.

आता गंमत बघा. तेव्हा आवाज तारेतून जसाच्या तसा जायचा. मध्ये एक्सचेंज, तिथे ऑपरेटर. कुणी कान लावला की सगळं ऐकू येणार. वर १८८५ चा टेलिग्राफ कायदा सरकारला निरोप अडवायची मुभा देत होताच.

तुम्ही स्टेशनच्या फुकट वायफायवर बँकेची साइट उघडता, तेव्हाही मध्ये राउटर असतो, नेटवर्क कंपनी असते. मग पासवर्ड वाचला का जात नाही? टीएलएसमुळे. पत्त्यात एचटीटीपीएस दिसतं, त्यातला शेवटचा 'एस' तोच.

टीएलएस तीन कामं करतं. पहिलं, ओळख. साइट आपलं सर्टिफिकेट दाखवते आणि त्यावरची सही खरी आहे का, ते ब्राउझर तपासतो. दुसरं, गुप्तता. दोन्ही बाजू एक गुप्त किल्ली ठरवतात, पण ती किल्ली वायफायवरून जातच नाही! दोघं आपापला गुप्त आकडा लपवून ठेवतात, त्यापासून केलेलं गणित तेवढं एकमेकांना पाठवतात आणि दोघांचं उत्तर सारखंच येतं. मधल्याला त्या गणितावरून आकडा काढणं जमत नाही. ही युक्ती डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. तिसरं, वाटेत एक अक्षर जरी बदललं तरी लगेच कळतं. सध्याची आवृत्ती, टीएलएस १.३, २०१८ ची आहे.

पण एक लक्षात ठेवा. टीएलएस रस्ता सांभाळतं, समोरचा माणूस प्रामाणिक आहे की नाही हे सांगत नाही. भामट्याच्या साइटलाही सर्टिफिकेट मिळतं. लोक कुलपाचं चिन्ह बघून साइटवर विश्वास ठेवायला लागले, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते कुलूपच बदललं. शिवाय तुम्ही कोणत्या साइटवर गेलात, हे वायफायवाल्याला बहुतेक वेळा दिसतंच. आत काय लिहिलं, ते दिसत नाही.

म्हणून पैशाचं काम करताना साइटचं नाव अक्षर अन् अक्षर वाचा. सर्टिफिकेटची लाल वॉर्निंग आली तर 'पुढे जा' दाबू नका, सरळ मागे फिरा. आणि हे घरी आई-बाबांनाही दाखवा, बरं का!