साठवलेल्या विजेचे भाडे

इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून प्रत्येकाचा भाव ठरतो. उन्हाळ्यातल्या एखाद्या दिवसाचे हे भाव ओळीने वाचत गेले, तर भर दुपारी ते पार उतरलेले दिसतात. २०२५च्या मे महिन्यात काही वेळा ते शून्याच्या आसपास गेले होते. सूर्य मावळला की भाव चढू लागतो आणि टंचाईच्या दिवशी युनिटला १० रुपयांना जाऊन टेकतो. तिथे तो थांबतो, कारण केंद्रीय वीज नियामक आयोगाने त्यापुढे जायला मज्जाव केला आहे. देशातली बहुतेक वीज दीर्घ मुदतीच्या करारांनी विकली जाते, एक्स्चेंजवर येतो तो थोडाच हिस्सा. पण चणचण नेमकी केव्हा आहे हे तो थोडा हिस्साच सांगतो. दुपार-संध्याकाळच्या या तफावतीचे कारणही उघड आहे. २०२५च्या सुरुवातीला भारताची सौरक्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. ही सगळी वीज एकदमच येते आणि एकदमच जाते. कोळशाचा संच काही दुपारी विझवून संध्याकाळी पुन्हा पेटवता येत नाही. तो फार तर निम्म्यापर्यंत मंद करायचा. म्हणजे देशाला आता कमी पडते आहे ती वीज नव्हे, तिची वेळ.

वेळ हलवण्याचे तंत्र महाराष्ट्राला नवे नाही. अकोले तालुक्यातल्या घाटघरला वरच्या धरणातले पाणी भूमिगत वीजगृहातून खाली कोकणात शहापूरच्या बाजूला सोडतात. मागणी ओसरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. १२५ मेगावॉटचे दोन संच २००८पासून हे काम करत आहेत. आता त्याच कामाला लिथियमच्या बॅटऱ्याही आल्या आहेत. स्वस्त असताना घ्यायची आणि महाग झाली की विकायची, इतका हा सोपा धंदा दिसतो, म्हणून ‘बाजारावर सोडा, खासगी कंपन्या आपोआप उभारतील’ असे सांगितले जाते. मला हे पटत नाही. साठवणीची खरी किंमत तिने विकलेल्या युनिटांत नसते; तिच्यामुळे जी टंचाई आलीच नाही, तिच्यात असते. आणि न आलेल्या टंचाईचे बिल कुणाला लावायचे, हे बाजाराला कळत नाही.

याचा सगळ्यात चांगला पुरावा दक्षिण ऑस्ट्रेलियात आहे. २८ सप्टेंबर २०१६ला वादळाने तिथले मनोरे आडवे झाले आणि अख्खे राज्य अंधारात गेले. पुढच्या वर्षी १ डिसेंबरला जेम्सटाऊन गावाजवळ हॉर्न्सडेल इथे १०० मेगावॉटची बॅटरी सुरू झाली. टेस्लाने ती बांधली आणि निओएन ही फ्रेंच कंपनी तिची मालक आहे. शंभर दिवसांत झाली नाही तर फुकट, या इलॉन मस्क यांच्या पैजेचीच त्या वेळी जास्त चर्चा झाली. बॅटरीत मावत होती सव्वा लाखाहून थोडी जास्त युनिटे, म्हणजे पूर्ण जोराने सोडली तर तास-सव्वा तासात संपणारी. मग तिचा उपयोग काय? दोनच आठवड्यांनी, १४ डिसेंबरच्या रात्री, शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातला लॉय यांगचा ५६० मेगावॉटचा कोळशाचा संच अचानक बंद पडला. तारांमधली वारंवारिता ५० हर्ट्झवरून ४९.८च्या खाली घसरली. पापणी लवायच्या आत हॉर्न्सडेलने जेमतेम सात मेगावॉट सोडले आणि ठरलेले औष्णिक संच जोर धरेपर्यंत हातभार लावला. त्या सात मेगावॉटची विक्री म्हणून किंमत काढली तर हाती काहीच लागणार नाही.

वारंवारिता सांभाळण्याच्या सेवेचाही तिथे बाजार आहे. राज्य बाकीच्या जाळ्यापासून तुटण्याची भीती असली की ३५ मेगावॉटची ही सेवा राज्यातूनच घ्यावी लागे. ती देऊ शकणारी गॅसकेंद्रे मोजकीच होती. त्यांना अडवणूक करता येई आणि भाव हजारो डॉलरांवर जाई. बॅटरी आल्यावर ही मक्तेदारी मोडली. ऑरेकॉन या सल्लागार संस्थेच्या हिशेबाने २०१८मध्ये या सेवेचा खर्च सुमारे ४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांनी आणि २०१९मध्ये ११ कोटी ६० लाख डॉलरांनी घटला. मूळ बॅटरीचा खर्च सुमारे ९ कोटी डॉलरांचा. हा पैसा ग्राहकांचा वाचला, मालकाच्या खिशात गेला नाही. उलट पुढे आणखी बॅटऱ्या आल्या, भाव पडले आणि सगळ्यांचीच कमाई आटली. साठवण जितकी जास्त उभी राहते तितकी दुपार-संध्याकाळची तफावत कमी होते, आणि मालक जगतो तो त्या तफावतीवरच.

यावर पहिला आक्षेप नैतिक आहे: ही साठेबाजीच नव्हे का? चाळीतला कांदा भाव येईपर्यंत महिनाभर दडवता येतो. चार तासांची बॅटरी मात्र आज रिकामी केली नाही, तर उद्या दुपारची स्वस्त वीज घ्यायला तिच्यात जागाच उरत नाही. तेव्हा दडवणारा स्वतःच बुडतो. एकाच मालकाकडे बहुतेक साठवण गेली तर मात्र ही शंका खरी ठरेल, आणि तिथे नियामकाने डोळ्यांत तेल घालून बसायला हवे.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. घाटघरसारख्या प्रकल्पात शंभर युनिटे चढवली की पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात, चांगल्या बॅटरीत पंचाऐंशी ते नव्वद. पण जी वीज दुपारी घ्यायलाच कुणी नाही, तिच्यातली वीस टक्के गेल्याचे दुःख किती करायचे? वजनदार आक्षेप तिसरा आहे: वीज साठवण्यापेक्षा मागणीच दुपारी आणा. हे बरोबर आहे आणि साठवणीआधी करायचे काम आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने शेतीपंप दिवसा चालले, तर शेतकऱ्याची बिबट्याच्या भीतीने काढलेली रात्र वाचते आणि जाळ्यावरचा भारही हलतो. केंद्राच्या २०२३च्या नियमांनी सौरवेळेत स्वस्त दर लावायला सांगितले, तेही याच हेतूने. मात्र मे महिन्यात रात्री नऊला चालणारे पंखे आणि एसी दुपारी नेता येत नाहीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०३१-३२साठी ४११ गिगावॉट-तास साठवणीची गरज धरली आहे, ती याच उरलेल्या मागणीपोटी.

मग साठवणीला पैसे कसे द्यायचे? भारताने भाड्याची वाट धरली आहे. निविदेत दर मेगावॉटला दरमहा अमुक रुपये ठरतात. वीज वापरा की नका वापरू, भाडे चालू. २०२२ला हे भाडे १० लाख ८४ हजार निघाले. २०२४च्या वसंतात गुजरातेत ते साडेचार लाखांखाली आले आणि पुढे काही ठिकाणी, सरकारी अनुदान धरून, अडीच लाखांच्याही खाली. घसरणीचा आनंद आहे, पण इतक्या कमी बोलीवर प्रकल्प खरोखर उभा राहून बारा-पंधरा वर्षे नीट चालेल का, हेही तपासावे लागेल. वाट बरोबर असली तरी अर्धीच आहे. हॉर्न्सडेलच्या करारात ७० मेगावॉट राज्यासाठी राखून ठेवले होते, तेही आणीबाणीच्या सुमारे दहा मिनिटांपुरते. उरलेले ३० मेगावॉट मालकाने बाजारात तीन-चार तास चालवायचे. अशी वाटणी केली तर भाड्याचा बोजा हलका होतो आणि मालकालाही डोके चालवायला जागा राहते.

भाड्याला एक खोट आहे: तयार राहण्याचे पैसे घेणारा खरोखर तयार आहे का, हे तो कामाला लागेपर्यंत दिसत नाही. याच हॉर्न्सडेलने २०१९मध्ये काही महिने जी सेवा देऊ केली होती, ती देण्याइतकी तिची तयारीच नव्हती. २०२२मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने तिला ९ लाख डॉलरांचा दंड केला. ज्या बॅटरीने ग्राहकांचे कोट्यवधी वाचवले तिलाही सूट मिळाली नाही, ते योग्यच झाले. आपल्याकडेही साठवणीचे भाडे शेवटी वीजदरातून वसूल होणार आहे, आणि दरवाढीच्या याचिकांवर राज्य वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो. तिथे कुणाही ग्राहकाला हरकत नोंदवता येते. पुढच्या सुनावणीत भाड्याचा आकडा विचाराच. पण ऐन वेळी बॅटरी कामाला आली नाही तर दंड किती, आणि तो ग्राहकाच्या बिलातून वजा होणार की नाही, हेही लेखी मागा.