‘नागीण’ : एका रोगनामाचा अर्थविचार आणि चेहऱ्यावरील व्याधीची ओळख

१. विषयप्रवेश

रोगाला नाव देणे ही त्या रोगावरील पहिली क्रिया होय. घरातील वडीलधारे माणूस दुखण्याला जे नाव देते, त्यावरून पुढे कोणाला बोलवावयाचे, काय लावावयाचे, काय खावयाचे आणि किती दिवस वाट पाहावयाची, हे ठरते. म्हणून लोकभाषेतील रोगनामांचा अभ्यास हा भाषाशास्त्राचा विषय असला, तरी त्याचे परिणाम शरीरापर्यंत पोहोचतात. ‘नागीण’ हे नाव या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगे आहे.

अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसलेले आणि संत्र्याच्या बागांसाठी ख्यात असलेले गाव. तेथील बोली वऱ्हाडी. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात मराठीच्या बोलींमध्ये तिची नोंद केलेली आहे. वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा बहुधा ‘य’ होतो. ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चे ‘डोया’ होते. त्याच नियमाने ‘नागीण’ ही ‘नागीन’ होते. उच्चार बदलला तरी कल्पना बदलत नाही. कमरेला किंवा छातीला एका बाजूने पट्ट्यासारखे फोड उठले, की नाव लगेच सुचते. परंतु तेच फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर उठले, तर हे नाव सुचतेच असे नाही; आणि नेमक्या त्याच ठिकाणी ते वेळेवर सुचणे सर्वाधिक आवश्यक असते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार केला आहे.

२. शब्दाची घडण आणि त्याचे जगातील सोबती

‘नागीण’ हे रूप ‘वाघीण’, ‘हत्तीण’, ‘सिंहीण’ या मालिकेतील आहे. संस्कृत ‘-इनी’ या स्त्रीप्रत्ययापासून प्राकृत ‘-इणी’मार्गे मराठीत ‘-ईण’ आला. मराठीतील त्वचारोगांच्या नावांत प्राण्यांवरून आलेली नावे आणखीही आहेत. ‘गजकर्ण’ हे नाव चट्ट्याच्या आकारावरून आले. ते स्थिर चित्र आहे. ‘नागीण’ हे मात्र हालचालीचे चित्र आहे. नागीण सरकते, पुढे जाते, वेढा घालते. म्हणूनच तिला तोंड आणि शेपटी असल्याचे मानले जाते. गजकर्णाला कोणी सोंड आहे काय असे विचारीत नाही.

ही कल्पना केवळ मराठी मनाची नाही. आयुर्वेदात ‘विसर्प’ या नावाने सरकत जाणाऱ्या त्वचाविकारांचे विवेचन आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकविसावा अध्याय त्याच विषयाला वाहिलेला आहे. ‘विसर्प’ आणि ‘सर्प’ हे दोन्ही शब्द ‘सृप्’ या धातूपासून झाले. या रोगाचे आधुनिक वैद्यकातील नाव ‘हर्पीस झोस्टर’ असे आहे. त्यातील ‘हर्पीस’ हा शब्द ‘सरपटणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आहे, आणि तो ग्रीक धातू व संस्कृत ‘सृप्’ हे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे दोन फाटे आहेत. मूळ ‘स’चा ग्रीकमध्ये शब्दारंभी ‘ह’ होतो, हा ध्वनिनियम विद्यार्थ्यांस परिचित आहेच. तेव्हा डॉक्टरांचा ‘हर्पीस’ आणि आजीची ‘नागीण’ यांच्यात वाटते तेवढे अंतर नाही.

‘झोस्टर’ म्हणजे कमरपट्टा. इंग्रजीतील ‘शिंगल्स’ हा शब्दही पट्टा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घडला. जर्मन भाषेत याला पट्ट्याची उपमा आहे, तर अरबीत ‘अग्नीचा पट्टा’ म्हणतात. कन्नडातील ‘सर्पसुत्तु’ म्हणजे सर्पाचा वेढा. स्पॅनिशमधील ‘कुलेब्रिया’ म्हणजे छोटा साप. चिनी भाषेतील एका नावातही सापच आहे. सारांश, जगाने या रोगाकडे तीन रूपकांतून पाहिले : साप, पट्टा आणि आग. यांपैकी पहिली दोन फोडांच्या मांडणीवरून सुचली आणि तिसरे वेदनेवरून. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

३. तोंड आणि शेपटी

नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले, म्हणजे वेढा पुरा झाला, की रोगी दगावतो, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिश भाषकांत व चीनमध्येही तीच आढळते. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी यानेही, हा विकार माणसाला वेढून टाकील तर प्राण घेतो, अशी नोंद करून ठेवली आहे. इतक्या दूरदूरच्या समाजांत एकच समजूत आढळावी, याचे कारण एकमेकांकडून उसनवारी हेच असेल असे नाही. वेढ्याचे रूपक एकदा स्वीकारले, की वेढा पूर्ण झाल्यावर काय, हा प्रश्न रूपकातूनच उद्भवतो.

प्रत्यक्षात वेढा सहसा पूर्ण होत नाही आणि त्याचे कारण शरीररचनेत आहे. हा रोग कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होतो. बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ बोकाय यांनी १८९२ मध्ये या दोन रोगांचा संबंध लक्षात घेतला आणि १९५० च्या दशकात थॉमस वेलर यांच्या प्रयोगशाळेतील कार्याने दोहोंचा विषाणू एकच असल्याचे स्पष्ट झाले. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यावर हा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गंडिकांमध्ये सुप्त राहतो. पुढे वय वाढल्याने, दीर्घ आजाराने किंवा काही औषधांमुळे प्रतिकारशक्ती क्षीण झाली, की एखाद्या गंडिकेतील विषाणू जागा होतो आणि त्या एकाच मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. प्रत्येक मज्जातंतूचा त्वचेवरील प्रदेश ठरलेला असतो आणि तो शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो. डावीकडील तंतू उजवीकडे जात नाही. म्हणून नागीणही जात नाही. हेड आणि कॅम्बेल यांनी १९०० मध्ये याच रोगाच्या रुग्णांवरून त्वचेवरील हे प्रदेश रेखाटले.

फोड दोन्ही बाजूंना किंवा सर्वांगावर उठले, तर ती गोष्ट गंभीर असते. पण तोंड शेपटीला मिळाल्यामुळे नव्हे, तर प्रतिकारशक्ती फार खालावल्याचे ते चिन्ह असते म्हणून. लोकसमजुतीत भीतीचा रोख काही अंशी बरोबर होता, कारणमीमांसा मात्र चुकली.

४. रूपक जेथे तोकडे पडते

छातीवर एका मज्जातंतूचा प्रदेश खरोखरच पट्ट्यासारखा असतो. चेहऱ्यावर तसे नाही. चेहऱ्याची संवेदना त्रिशाखी मज्जातंतू वाहून नेतो. त्याची पहिली शाखा कपाळ, वरची पापणी व नाक यांना, दुसरी गाल व वरच्या जबड्याला, आणि तिसरी खालच्या जबड्याला पुरवठा करते. यांपैकी कोणत्याही प्रदेशाचा आकार सापासारखा नाही. कपाळावर फोडांचा पुंजका दिसतो. तोंड नाही, शेपटी नाही, वेढाही नाही. अशा वेळी ‘ही नागीण नव्हे’ असा निष्कर्ष निघणे स्वाभाविक आहे, कारण तो निष्कर्ष रोगाविषयी नसून शब्दाविषयी असतो.

याच ठिकाणी धोका आहे. नागिणीच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे दहा ते वीस टक्के रुग्णांत ही पहिली, म्हणजे नेत्रशाखा बाधित होते, आणि उपचार न झाल्यास त्यांतील जवळजवळ निम्म्या लोकांच्या डोळ्याला इजा पोहोचते. बुबुळावरील पारदर्शक पटल, डोळ्याच्या आतील थर, डोळ्यातील दाब, या सर्वांवर परिणाम होऊन दृष्टी कायमची मंद होऊ शकते किंवा जाऊ शकते. नेत्रशाखेची एक उपशाखा डोळ्याच्या आत जाते व तिचाच धागा नाकाच्या शेंड्यापर्यंत येतो. त्यामुळे नाकाच्या शेंड्यावर किंवा कडेला फोड दिसला, की डोळ्याला बाधा होण्याचा संभव बराच वाढतो. लंडनचे शल्यवैद्य जोनाथन हचिन्सन यांनी १८६० च्या दशकात सांगितलेले हे लक्षण आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मात्र नाक स्वच्छ आहे म्हणून डोळा सुरक्षित आहे, असा उलट अर्थ घेता येत नाही.

कानाच्या पाळीत किंवा कानात फोड, तीव्र कानदुखी आणि त्याच बाजूचा चेहरा वाकडा होणे, हे चेहऱ्याच्या दुसऱ्या एका मज्जातंतूला बाधा झाल्याचे चिन्ह असून रॅमसे हंट यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. तेथेही विलंब परवडत नाही.

५. चुकीची नावे

फोड उठण्यापूर्वी एक ते पाच दिवस केवळ वेदना असते. या अवधीत कपाळ दुखले तर ‘अर्धशिशी’, जबडा दुखला तर ‘दाढ’, डोळा दुखला तर ‘डोळे आले’ अशी नावे पडतात. फोड उठल्यावरही पर्याय संपत नाहीत. सातपुड्याच्या परिसरात बिब्बा परिचित आहे. त्याचे तेल लागून कातडी भाजली, फोड आले, की ‘बिब्बा उतला’ असे म्हणतात. पावसाळ्यात दिव्यापाशी येणारा एक बारीक, लालकाळा किडा चेहऱ्यावर चिरडला गेला, की दुसऱ्या दिवशी आग होणारी रेघ आणि फोड उमटतात. त्यालाही कित्येकदा ‘नागीण’ म्हटले जाते. म्हणजे रेघ दिसते तेथे नाव चुकून लागते आणि रेघ दिसत नाही तेथे हवे असूनही लागत नाही. दोन्ही चुकांचे मूळ एकच : आकारावरची भिस्त.

भेद ओळखण्याच्या खुणा आकाराहून वेगळ्या आहेत. नागिणीत वेदना आधी व फोड नंतर. किड्याच्या किंवा बिब्ब्याच्या बाधेत स्पर्शाची काहीतरी आठवण बहुधा असते आणि फोड मध्यरेषा ओलांडू शकतात. नागिणीत तांबूस पायावर पाणीदार फोडांचे पुंजके असतात, ते एकाच बाजूला राहतात आणि त्या भागाला नुसता वारा किंवा केस लागला तरी कळ उठते. कपाळावर फोड असून मध्यरेषेवर ते जणू रेघ आखल्यासारखे थांबले असतील, तर अन्य शंका मागे पडतात. तथापि अंतिम निदान वैद्यानेच करावयाचे असते.

६. आचरणाचा भाग

या रोगात ७२ तासांचा हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर यांसारखी विषाणुरोधक औषधे फोड दिसू लागल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली, तर रोगाचा जोर व कालावधी कमी होतो आणि डोळ्याच्या उपद्रवांचा संभव घटतो. चेहऱ्यावर रोग असेल तर हा अवधी टळून गेला तरी वैद्याकडे जाणे सोडू नये. शेंदूरजनाघाटसारख्या गावातून अमरावती किंवा नागपूर गाठण्यात दिवस जातो. म्हणून नेत्रतज्ज्ञाची वाट पाहत औषध लांबवण्यापेक्षा जवळच्या डॉक्टरांकडून ते सुरू करून मग डोळा तपासून घेणे श्रेयस्कर. मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो आधी सांगावा, कारण औषधाची मात्रा त्यावर ठरते. डोळ्यात घालण्याचे स्टेरॉइडयुक्त थेंब स्वतःच्या विचाराने कधीही वापरू नयेत.

गेरू, दूर्वा व तांदूळ यांचा लेप पुष्कळ घरी लावला जातो. त्याने क्षणभर थंडावा वाटत असेल. पण वाळलेल्या थराखाली फोड दिसेनासे होतात, त्यात पू होण्याची भीती वाढते, आणि लेप डोळ्यात जाण्याचा धोका असतो. थंडाव्यासाठी स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेले मऊ कापड पुरेसे आहे. फोड फोडू नयेत, हात धुवावेत, रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवावा. फोडांतील पाण्याचा संसर्ग ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत अशांना होऊन कांजिण्या येऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत गर्भवती स्त्रिया, तान्ही मुले व अशक्त व्यक्ती यांच्यापासून रुग्णाने दूर राहावे. याचा अर्थ त्याला वाळीत टाकावे असा नाही.

फोड बरे झाल्यावर तीन महिन्यांनंतरही उरणारी वेदना हा या रोगाचा सर्वांत कष्टप्रद भाग होय. वृद्धांत तिचे प्रमाण अधिक. बाहेरून कातडी बरी दिसते, आणि ‘आता काय दुखते?’ हा प्रश्न रुग्णाला एकटे पाडतो. ही वेदना काल्पनिक नसते. ती इजा झालेल्या मज्जातंतूची असते आणि तिच्यावर नेहमीच्या वेदनाशामकांहून वेगळी औषधे असतात. प्रतिबंधासाठी पन्नाशीपुढील व्यक्तींकरिता दोन मात्रांची लस २०२३ पासून भारतातही मिळू लागली आहे.

७. उपसंहार

‘नागीण’ हा शब्द अज्ञानमूलक म्हणून टाकून द्यावा, असे सुचवणे सोपे आहे. ते हितावह नाही. हा शब्द लोकांना ठाऊक आहे, त्यात रोगाचे गांभीर्य आहे आणि एकाच बाजूने पुढे सरकण्याचे निरीक्षणही आहे. त्याच्या जागी ‘हर्पीस’ ठेवला, तर मुळात तेच रूपक अनोळखी लिपीत ठेवल्यासारखे होईल, आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. आवश्यक आहे तो अर्थविस्तार. शाळेत, दवाखान्यात, आरोग्यसेविकेच्या बोलण्यात ‘डोयाची नागीन’ हा प्रयोग रूढ झाला, आणि त्यासोबत ‘एका बाजूची आग, मग फोड’ ही खूण सांगितली गेली, तर शब्दाची भिस्त आकारावरून वेदनेवर येईल. सर्पाच्या रूपकाला आगीच्या रूपकाची ही जोड मिळाली, तर कपाळावरचे चार फोड पाहून घरातील माणूस वेढ्याची वाट पाहत बसणार नाही. तो त्याच दिवशी रुग्णाला घेऊन निघेल.