ज्ञानाची वर्गणी

वर्गणी म्हटली की कामगार चळवळीतल्या माणसाला पावतीपुस्तक आठवते. चार आणे चार आणे गोळा करून संघटना उभी राहते आणि एकट्याला न मिळणारी गोष्ट दहाजणांना मिळते. डॉक्टरांच्या संघटनांचा व्यवहारही याहून निराळा नाही.

मेंदू व मज्जातंतू यांच्या विकारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी १९५१ साली 'न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन केली, आणि १९५३ पासून 'न्यूरॉलॉजी इंडिया' हे तिचे नियतकालिक निघू लागले. १९५७ साली ब्रुसेल्स येथे या शास्त्राचा जागतिक महासंघ जन्मास आला. अशा संस्था आपल्या सभासदांना नियतकालिके सवलतीच्या वर्गणीत मिळवून देतात.

ही सवलत परवडते कशी? लेख लिहिणाऱ्याला बहुधा मानधन नसते. लेख पारखणारे तज्ज्ञही फुकटच पारखतात. खर्च होतो तो संपादन, जुळणी, छपाई, टपाल आणि आता संगणकावरील जतन यांचा. यातला पहिला अंक तयार होईपर्यंतचा खर्च शंभर वर्गणीदार असोत की हजार, तेवढाच राहतो. म्हणून संस्था प्रकाशकाला म्हणते, आमचे सभासद एकगठ्ठा घेतील, दर उतरवा. प्रकाशकाचेही त्यात नुकसान नसते, कारण ग्रंथालयांना तो निराळा, चढा दर लावतो. सभासद हाच लेखक, हाच पारखी आणि हाच वाचक. तेव्हा ज्याने विणले त्याला कापड स्वस्त मिळावे, हे न्यायाचेच आहे.

परंतु जो सभासदच नाही, त्याचे काय? आपल्या बीड जिल्ह्यातली ऊसतोडणीला जाणारी तरुण बाई डोळ्यांपुढे आणा. तिला फेफरे येते. या रोगावर व्हॅलप्रोएट नावाचे औषध गुणकारी आहे. पण गर्भारपणी ते पोटातल्या मुलाला अपाय करू शकते, त्याच्या बुद्धीच्या वाढीवरही परिणाम करू शकते, हे संशोधनाने दाखवून दिले आहे. म्हणून अशा वयाच्या बाईसाठी शक्यतो दुसरे औषध निवडावे लागते. (चालू गोळी मात्र कोणी आपल्या मनाने बंद करू नये, त्यात जिवाला धोका असतो.) हे ज्ञान नियतकालिकांतून आले. ते केज-धारूरच्या डॉक्टरापर्यंत पोचले नाही, तर त्याची किंमत ती बाई आणि तिचे मूल भरते.

यावर दोन उपाय आपल्या देशात झाले आहेत. परळच्या गिरणगावातील के. ई. एम. रुग्णालय व सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय यांच्या अध्यापकमंडळाने १९५५ मध्ये एक वैद्यकीय नियतकालिक सुरू केले. पुढे संगणकजाल आल्यावर त्याचे लेख सर्वांना विनामूल्य खुले केले. दुसरा उपाय सरकारचा. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके! एकजुटीने दर ठरविण्याचा हा मोठाच प्रयोग होय.

मात्र ही योजना सरकारी उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था यांच्यासाठी आहे. अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या वर्गात बसते; तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालविणारा डॉक्टर बसत नाही. म्हणजे ज्ञान जिल्ह्यात येऊनही शेवटचे पाच-पन्नास मैल उरतातच.

ते आपण तोडायचे. महाविद्यालयातील अध्यापकांनी नवे काय वाचले ते महिन्यातून एकदा तालुक्याच्या डॉक्टरांना सांगावे, आणि डॉक्टरांच्या संघटनांनी त्यासाठी बैठक बोलवावी. अंकाला किंमत असते आणि अटीही असतात. परंतु वाचून समजलेली गोष्ट दुसऱ्याला तोंडी सांगण्यास कोणाची मनाई नाही. सरकारने भरलेली वर्गणी अखेर आपल्याच करातून गेली आहे. तिची पोच रोग्याच्या खाटेपर्यंत मागणे हा आपला हक्क आहे, आणि ती मागितल्याशिवाय मिळणार नाही.