उलटा करांदा

श्रावणात आमच्या कर्जतच्या कुंपणावर कळलावी फुलली, की मी कपाटातली चपटी पेटी बाहेर काढतो. आत वेखंडाच्या पुरचुंड्या आणि त्यांच्याखाली फुलांची जुनी चित्रं. इथला पाऊस कागदाचा वैरी. दमट कागदावर तपकिरी डाग उठतात, कसर लागते, म्हणून ही पेटी उघडायची ती उघडीप बघूनच. त्या दुपारी ऊन पडलं होतं आणि नात शेजारी येऊन बसली होती.

"हात पूस आधी. आता भिंग धर. काय दिसतंय?"

"रेघा. केसासारख्या बारीक. आणि आजोबा, इथे लाल रंग रेघेच्या बाहेर गेलाय!"

तेच मला तिला दाखवायचं होतं. आजच्या छापील चित्रावर भिंग धरलं तर रंगीत ठिपक्यांची रांगोळी दिसते. कळलावीच्या या चित्रात काळी रेघ तांब्याच्या पत्र्यावरून आलेली आणि लाल रंग कुणीतरी कुंचल्यानं भरलेला. विल्यम कर्टिसनं १७८७ साली लंडनमध्ये 'बोटॅनिकल मॅगझिन' सुरू केलं. त्यातली चित्रं १९४८ पर्यंत हातानंच रंगवली जात. एक नमुना समोर ठेवायचा आणि एकेक प्रत भरत जायची. कळलावीची पाकळी देठाकडे पिवळी, टोकाकडे लाल, आणि फूल जुनं होईल तशी सगळीच लाल होत जाणारी. कुंपणावर ती कधीच न पाहिलेल्या माणसानं पिवळ्यातून लालात जाणारी ती छटा कागदावर उतरवली! रेघ ओलांडून गेलेला तो रंग मला फार प्रिय आहे. तिथे त्याचा हात दिसतो.

"पण रेघ कागदावर आली कशी?"

सांगण्यापेक्षा करून बघावं म्हटलं. माझ्या गुडघ्याची जुनी एक्स-रे फिल्म काढली आणि तिच्या हातात दाभण दिलं. कुंपणावरचा करांद्याचा वेल बघून तिनं तो फिल्मवर कोरला. हृदयाच्या आकाराची पानं, पानांच्या बगलेतले बटाट्यासारखे कंद, सगळं मन लावून. खाली नावही कोरलं. मग छपाईची शाई चोपडली आणि फडक्यानं पुसून काढली. वरची शाई गेली, ओरखड्यांतली राहिली. तांब्याच्या पत्र्याचं गुपित एवढंच. ओलसर कागद वर ठेवून चमच्याच्या पाठीनं जोर लावून घासला, की कागद ओरखड्यात शिरून शाई उचलून आणतो.

कागद सोलला आणि ती हिरमुसली. "नाव उलटं आलं!"

"नावच ना? वेल बघ."

वेलही उलटा आला होता. करांद्याचा वेल आधाराला डावीकडे वळत चढतो, त्याच्याच भाऊबंदांतल्या कोनफळाचा उजवीकडे. वनस्पतिशास्त्रज्ञ या कुळातले वेल ओळखताना हे वळण आवर्जून बघतात. ऊन कुठूनही येवो, काठी कुठलीही असो, करांदा आपली बाजू सोडत नाही. कागदावरच्या करांद्यानं मात्र चक्क कोनफळाचं वळण घेतलं होतं.

म्हणून पत्र्यावर कोरणाऱ्याला सगळं उलटं कोरावं लागे. तो विसरला, तर छापलेला वेल निसर्गात नसलेल्या दिशेला वळे.

मग तिला मी कोचीची गोष्ट सांगितली. तिथला डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे यानं मलबारच्या वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापला गेला. इट्टी अच्युतन वैद्यांनी झाडं सांगितली. रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट या तीन कोकणी वैद्यांनीही मदत केली. त्यांची १६७५ सालची ग्वाही पहिल्या खंडात कोकणीत, नागरी अक्षरांत आहे. चित्रांवरही झाडांची नावं नागरीत आहेत. ॲम्स्टरडॅमच्या कारागिराला आपलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी त्यानं ती तांब्यावर उलटी कोरली, आणि कागदावर ती सुलट उमटली. काळ्या रेघांची ती चित्रं मला रंगीत चित्रांइतकीच मोलाची वाटतात. आपल्या लिपीतली छापलेली अक्षरं इतक्या लवकरची फार थोडी सापडतात.

नात केव्हाच उठून गेली होती. आली ती आईचा आरसा घेऊन. पहिली कोरलेली फिल्म आरशापुढे धरली, आरशात दिसेल ते डोळ्यात साठवलं, कागदावर उतरवलं. हे बघून मी दुसरी फिल्म शोधायला उठलो. दोन दाभणं मोडली. तासाभरानं नवा ओला कागद हातात घेऊन ती तशीच अंगणात पळाली.

"आजोबा," कुंपणाकडून ओरडली, "बरोबर वळलाय!"